एकशे दहा पौंड

मोशीत, वजनकाट्याला लागून
शिंगोटे टायर वर्क्स. पत्र्याचं छप्पर,
दोन कॉम्प्रेसर, एक लंगडा जॅक
आणि गटाराच्या कडेला लोखंडी पिंजरा.
टायर त्यात ठेवूनच हवा भरायची, असा नियम.
आम्ही त्यात ग्रीसच्या रिकाम्या बादल्या ठेवायचो,
वर बनियनं वाळत घालायचो.
कुणाच्या तरी डब्यातली बी पडून
त्यावर कारल्याचा वेल चढला होता.
दस्तगीर म्हणायचा, बघ,
आला की नाही पिंजरा कामाला.

दस्तगीर मैंदर्गीचा. शिव्या तीन भाषांत,
मोजणं मात्र मराठीत.
टायरशी बोलायचा. चढ बाबा, चढ.
रिमवर टायर बसताना टक् होतं,
ते ऐकायला वाकून कान लावायचा.
गेज तीन महिने मेलेलं, काटा नव्वदवर चिकटलेला.
आम्ही हवा हातोडीनं ओळखायचो,
ठोका भरीव वाजला की झालं.
नवं गेज मागितलं तर शेठ म्हणे,
हवा काय विकत आणतो का आपण?

त्या दुपारी चाकणहून ट्रेलर आला.
ड्रायव्हरला रात्री न्हावा-शेवा गाठायचं होतं,
त्यानं दोनदा हॉर्न मारला.
लॉक रिंगला गंज होता.
दोघांनीही पाहिला.
दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं.
मी म्हणालो, मार अजून दहा.

आवाज केवढा झाला, लोक विचारतात.
मला आवाज आठवतच नाही.
त्याच्या नंतरचं आठवतं:
पत्र्याला कोयत्यानं कापावी तशी चीर,
चिरेतून खाली आलेलं ऊन,
उन्हात तरंगणारी काळी धूळ,
समोरचा चहावाला नुसतं तोंड उघडतोय मिटतोय,
आणि काट्यावरचे लाल आकडे
शून्य शून्य शून्य.

वायसीएममध्ये माझा डावा कान तपासला.
दस्तगीरचं तपासायचं काही उरलं नव्हतं.

पोलीस यायच्या आत पिंजरा रिकामा झाला.
बनियनं निघाली. वेल उपटला, दोन कारल्यांसकट.
शेठच्या पोरानं पिवळा रंग मारला,
तो ओलाच होता, पंचनाम्याला लागला.
कागदावर लिहिलं:
मयताने पिंजऱ्याचा वापर केला नाही.
खोटं कुठं आहे त्यात?
साक्षीदाराने काय ऐकले, हवालदारानं विचारलं.
मी कानाची पट्टी दाखवली.
त्यानं लिहिलं, काही नाही.
मी सही केली. बोटाला पिवळा रंग.

रिंग दुसऱ्या दिवशी गटारात सापडली.
फारशी वाकली नव्हती.
शेठनं ठोकून सरळ केली, तारेच्या ब्रशनं घासली,
कुठल्यातरी गाडीला लागून गेलीसुद्धा.
नाशिक रस्त्याला जड गाडी शेजारून गेली
की मी मान वळवून तिची चाकं बघतो.

रुकय्या आली होती हिशोबाला, भावासोबत.
सव्वीस दिवसांचा पगार, दोन उचली वजा.
नोटा न मोजता पदरात बांधल्या तिनं.
मग विचारलं, शेवटी काही बोलले का?
मी म्हणालो, नाही.
बोलला होता.
"हे बस झालं बघ," असं म्हणाला होता,
माझ्या दहाच्या आधी.
तेव्हा मला दोन्ही कान होते.

आता विश्वंभर म्हणून पोरगा आहे, हिंगोलीकडचा.
टायर पिंजऱ्यात गेल्याशिवाय
मी पाइप त्याच्या हाती देत नाही.
म्हाताऱ्याची हवा गेली, म्हणतो,
तेही माझ्या डाव्या बाजूला उभं राहून;
चहावाल्यानं सांगितलं मला.
गेज नवं आहे, माझ्या पैशाचं.
काटा एकशे दहाला टेकला
की पोरगा तिकडून काहीतरी विचारतो.
ओठ हलतात. दहा म्हणतोय की काय, कळत नाही.
मला सांगायचं तर त्याला
वळसा घालून उजवीकडं यावं लागतं.
तो येईपर्यंत
मी कॉक बंद केलेला असतो.